थ्री फेज जाईपर्यंत

आक्का गेल्याचं मला मोबाईलने सांगितलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नसतं. भोरच्या शाळेत तिसरा तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीत आले, फोन पाहिला, तर गावच्या ग्रुपवर एक ओळ होती आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची ही मोठी रांग. मागे गावातलंच कोणी वारलं, तेव्हा असलीच रांग मी आक्काला दाखवली होती. तिने फोन लांब धरून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे हात जोडायला बी आता हात लागत न्हाईत." मरणाची खबर माणसाने पायी जाऊन माणसाच्या तोंडावर सांगावी, हे तिचं ठाम मत. सांगणाऱ्याला जड गेलं पाहिजे, म्हणायची. हे सगळं ठाऊक असून माझाही अंगठा त्या हातांपाशी गेलाच होता... मग फोन पर्समध्ये टाकला, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि स्टँड गाठला. चेलाडीला गाडी बदलून विंझरला उतरेपर्यंत चार वाजले. आई ओट्यावर बसली होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "पट्टा उतरवून ठेवलाय गं तिनं."

आक्का म्हणजे हौसाबाई, आमची गिरणीवाली. नात्याने आमची कोणी नाही; आमचं घर आणि तिची गिरणी यांच्यात एक बोळ, एवढंच नातं. पण आईचं निम्मं आयुष्य त्या बोळात उभं राहून आक्काशी बोलण्यात गेलं. रोज काम संपलं की आक्का गिरणीचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवायची. तसाच राहिला तर ताणून सैल पडतो. शेवटच्या संध्याकाळीही तिने तो उतरवला, घडी घालून खुंटीला लावला, जेवली, निजली आणि सकाळी उठलीच नाही. आजार नाही, दवाखाना नाही. माणसाने इतकं नीटनेटकं जावं याचं कौतुक करावं की राग धरावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवऱ्याच्या मागे तिने गिरणी हातात घेतली तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. बाईमाणसाने मोटार चालवायची, दगडाला टाकी मारायची, म्हणजे छिन्नी-हातोड्याने त्याची झिजलेली धार पुन्हा काढायची, हे आमच्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. महिना दोन महिने लोक डबा घेऊन दुसऱ्या गावी गेले, मग कंटाळून परत आले. परत आल्यावर त्यांना एक नवा नियम दिसला. डबा रांगेत ठेवला की माणूस रांगेत आहे असं समजायचं. त्याने खुशाल शेतावर जावं, लग्नाला जावं, त्याचा नंबर कुठे जात नाही. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस पोतं घेऊन आला आणि थेट आत शिरला. आक्का गव्हात हात घालून उभी होती. मागे न वळता म्हणाली, "हितं डबा बघून नंबर हाय, माणूस बघून न्हाई. ठेवा शेवटाला." पोतं शेवटी गेलं. पण हीच आक्का वरच्या धनगरवाड्यावरची एखादी बाई अर्धी पायली नाचणी घेऊन उतरली, की सगळी रांग ओलांडून तिचं दळण आधी घ्यायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं, आक्का, तुझाच नियम तू कसा मोडतेस? ती म्हणाली, "मोडत न्हाई. ज्याला चढ हाय त्याचं आधी, ह्यो पयला नियम. बाकीचा नंतरचा." समाजाविषयी मी पुढे पुष्कळ वाचलं, शिबिरं केली, भाषणंही ठोकली. यापेक्षा थोडक्यात मला कोणी सांगितलं नाही.

विज्ञानाची शिक्षिका मी झाले त्यातही तिचा हात आहे, आणि त्याची सुरुवात माझी जिरवण्याने झाली. कॉलेजातून सुट्टीला आले होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं. आक्का पन्हाळीखाली हात धरून पडणाऱ्या पिठाचा ऊन-गारपणा बघत होती; पीठ फार तापलं की भाकरी चिरते. मी म्हटलं, "आक्का, ते गरम होतं ना, त्याला घर्षण म्हणतात." ती म्हणाली, "बरं. पन गरम का व्हतं?" मी म्हटलं, "घर्षणामुळं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ते नाव झालं, पोरी. म्या कारण इचारलं." आजही वर्गात एखाद्या मुलीने धडाधड व्याख्या म्हणून दाखवली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, हे नाव झालं, आता कारण सांग. मुलींना वाटतं, बाईंची ही स्वतःची पद्धत आहे. मीही आजवर तो गैरसमज दूर केला नाही.

ग्रहणात गिरणी चालू ठेवणारी ती पंचक्रोशीत एकटी. "सावली पडली म्हणून जोंधळा नासतो व्हय?" असं विचारायची, आणि समोरचा काही सांगू लागला की मोटार सुरू करायची, म्हणजे ऐकायलाच नको. दसऱ्याला मात्र मोटारीला हळद-कुंकू, झेंडूची माळ, सगळं साग्रसंगीत. मी चेष्टा केली, की आक्का, मोटारीला काय कळतंय? "मोटारीला न्हाई कळत, मला कळतंय," ती म्हणाली. "वर्सातनं एक दिस तिला उघडून, पुसून बघायचं ध्यानात ऱ्हातं." फोनवर कसल्या कसल्या पाल्याचे काढे येत, त्यावर तिचा एकच सवाल असे, की पाठवणाऱ्याने स्वतः पिऊन पाहिला का. आणि कुठलंही नवं यंत्र गावात आलं, कोणी कौतुकाने दाखवायला आणलं, की पहिली विचारणा, "बिघडलं तर हितं कोन उघडनार?" उघडणारा हिताच असेल तर यंत्र चांगलं, नसेल तर ते पाहुणं आहे, त्याला फार दिवस ठेवून घेऊ नये. तिची ही मतं ऐकायलाच निम्मे लोक दळणाला थांबत.

आता मला न सुटलेलं सांगते. आईचे गुडघे दुखायला लागले. डबा उचलून बोळ ओलांडायचा तरी तिला दोनदा बसावं लागे. मी भोरमधून घरघंटी घेतली आणि टेम्पोत घालून, वर गोधडी टाकून घरी आणली. गोधडी धुळीसाठी, असं मी टेम्पोवाल्याला सांगितलं. कशासाठी ते आईला आणि मला ठाऊक होतं. गावातली ती पहिली घरघंटी. आईने ती माजघराच्या मागे, दाण्याच्या कणगीआड ठेवायला लावली आणि वर एक जुनं लुगडं पांघरलं. पुढचे पाच-सहा महिने आमच्या घरात जे नाटक चाललं ते आठवलं की आजही कान तापतात. तांदूळ, नाचणी शेजारच्या मुलींच्या हाती आक्काकडे जायची, दाखवायला. गहू घरात दळले जायचे, तेही आक्काची गिरणी सुरू असतानाच, म्हणजे तिच्या आवाजाखाली आमचा आवाज लपावा. आईला ही युक्ती फार बिनतोड वाटत होती, आणि मलाही... विज्ञानाच्या बाईंना.

आमच्याकडे वीज दोन प्रकारची. थ्री फेज ठराविक तास येते, तिच्यावर गिरणी, विहिरीवरच्या मोटारी अशी जड यंत्रं चालतात. ती गेली की सिंगल फेज उरते. तिच्यावर दिवे, पंखे, टीव्ही आणि घरघंटी. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. पलीकडे गिरणी धडधडत होती, अलीकडे आईने गहू लावले होते. आणि त्या दिवशी थ्री फेज वेळेच्या आधीच गेली. गिरणीचा आवाज खाली खाली येत बसला, सगळा गाव एकदम शांत झाला, आणि त्या शांततेत आमच्या माजघरातून घूं घूं... आईचा हात बटनापर्यंत पोचेना. मी धावले, पण तोवर आक्का दारात उभी होती. भुवयांवर पीठ, हातात पुसायचं फडकं. आम्ही दोघी चोरासारख्या उभ्या. आक्काने क्षणभर कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "जाळी लई बारीक लावलीया. रडतीया ती. बंद कर आधी."

मग ती मांडी घालून यंत्रापुढे बसली. जाळी काढली, उजेडात धरून पाहिली, सगळ्या जाळ्या मांडून घेतल्या आणि मला पुस्तिका वाचायला लावली. कुठली जाळी कशाला हे आकड्यांत लिहिलेलं होतं आणि आईला आकडे वाचता येत नाहीत, हे यंत्र घेताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आक्काने आईचा शिवणाचा डबा मागितला. गव्हाच्या जाळीला लाल दोरा बांधला, तांदळाच्या पांढरा, नाचणीच्या काळा, डाळीच्या पिवळा. आई रडायला लागली. "आक्के, गुडघ्यासाठी गं..." आक्का गाठ मारता मारता म्हणाली, "गिरनी आली तवा आपल्या सासवांनी जातं सोडलं. जात्याचं कुनी सुतक धरलं व्हतं का? तुझ्या गुडघ्यापरीस माझी गिरनी मोठी न्हाई." आणि मग थांबून, मान वर न करता, "मशीन आनलीस त्याचं काय न्हाई. पांघरून घातलंस, त्ये लागलं."

उठताना तिने स्वतःच तोडगा काढला. "माझी चालू आसंल तवर दळान माझ्याकडं. डबा न्यायला म्या येत जाईन, तू उचलायचा न्हाई. थ्री फेज गेली की तुझी लाव. खुशाल लाव, दार उघडं टाकून." आईने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्या दिवसापासून आक्का बोळ ओलांडून यायची, आमचा डबा कमरेवर घ्यायची, आणि रांगेत शेवटी ठेवायची. शेवटीच, मैत्रीण असली म्हणून काय झालं.

पण गावात घरघंटी शिरली ती शिरलीच. शिक्षिकेच्या घरात आली म्हणजे चांगलीच असणार, असं म्हणून एकेका घरात आली. गिरणीपुढची रांग आखडत गेली. मी सुट्टीला यायचे तेव्हा डबे मोजायचे, नको म्हटलं तरी डोळे मोजायचेच. दर वेळी वाटायचं, आक्कापाशी बसावं आणि म्हणावं, सुरुवात मी केली, माझं चुकलं. दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून उठायचे. गेल्या दिवाळीत शेवटची भेट झाली तेव्हा ती दगड उघडून टाकी मारत बसली होती. अंगणात दोन डबे. मी सांगायचं ठरवून गेले होते, आणि तोंडातून काय निघावं? "आक्का, दोन डब्यांसाठी कशाला एवढा खटाटोप?" तिने छिन्नीवरची पूड फुंकली. "दोन घरांनी चांगलं पीठ खाऊ ने व्हय?" मी हसले, ती हसली, आणि माझं सांगायचं ते तसंच राहिलं. आता ते कायमचंच राहिलं.

दहाव्यानंतर आईबरोबर मी चार घरी जाऊन आले. पहिल्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरघंटी होती आणि वरच्या खिळ्याला जाळ्या लटकत होत्या. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. मी विचारलं, हे कोणी बांधलं? घरच्या सुनेला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आक्कांनी. मशीन आली त्याच दिवशी आल्या व्हत्या की. उघडायची कशी ते बी शिकवलं." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी काळा दोरा मिळाला नाही म्हणून परकराची निळी नाडी. जिच्या दारची रांग कमी होत होती तीच घरोघर जाऊन गाठी मारून आली होती, आणि आमच्यापैकी कोणाला बोलली नव्हती. मी त्या तिसऱ्या घरी चहाची कपबशी हातात धरून रडले. त्या बाईंना वाटलं चहा कडू झाला.

गेल्या रविवारी गावी गेले होते. गिरणीला कुलूप आहे. आक्काचा मुलगा नोकरीच्या गावी, तो काही ती चालवणार नाही. घरातलं पीठ संपलं होतं, म्हणून मी गहू निवडून पाटीत काढले आणि घरघंटीजवळ नेले. आई म्हणाली, "थांब. थ्री फेज हाय अजून." ओढ्याकडून कोणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आई, गिरणी बंद आहे गं." "मला ठावं न्हाई व्हय?" आई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मीही पाटी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. अर्धा तास गेला, जास्तच गेला असेल. मग ओढ्याकडची मोटार थांबली. आई गुडघ्यावर हात देऊन उठली, लाल दोऱ्याची जाळी चाचपून काढली, बसवली, जाऊन बोळाकडचं दार सताड उघडलं आणि कुलपाकडे बघून म्हणाली, "आक्के, लावते गं."