मामांची सिगारपेटी

दिलेली वस्तू नाकारणं सोडाच, ती नुसती बाजूला ठेवणंही ज्यांना उभ्या आयुष्यात जमलं नाही, असे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत. ते म्हणजे दिवेआगरला राहणारे माझ्या बायकोचे मामा. त्यांच्या मेहुण्याने कुलूहून लोकरीची कानटोपी आणली होती. मेहुणा येणार म्हटलं की मामा ऐन मे महिन्यात ती घालून एसटीच्या थांब्यावर उभे राहतात आणि हनुवटीवरून घाम गळत असताना तिच्या उबेचं कौतुक करतात. शेजारणीचं कारल्याचं लोणचं तिच्यासमोर बोटं चाटून खातात, त्यामुळे ती दर वर्षी बरणी मोठी करत चालली आहे. भाचीने पावलं मोजणारं घड्याळ दिलं, तर तिचा फोन आला की मामा आधी वाडीत एक फेरी मारून येतात आणि मग बोलतात. मामी म्हणतात, "ह्यांना उद्या कोणी पाळणा दिला, तर त्यातसुद्धा निजतील."

मामांनी सारी नोकरी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी म्हणून केली. निवृत्त होताना कप्तानाने त्यांना सिगारचं एक मोठं खोकं दिलं. मामांनी कधी बिडीलाही हात लावला नव्हता, पण गंमत म्हणजे ही एकच भेट त्यांना मनापासून आवडली. वाढदिवसाला एक सिगार, तीही नारळीखाली खुर्ची टाकून, समुद्राकडे तोंड करून. एरवी वर्षभर त्या तांदळाच्या डब्यात पुरलेल्या असत. तिकडे मिठाला पाणी सुटतं, पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो आणि काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. तांदळाच्या पोटात सिगार तेवढ्या कोरड्या राहत.

मामांच्या पंचाहत्तरीला मी मुंबईच्या एका दुकानातून ह्युमिडॉर घेतला. सिगार वाळू नयेत म्हणून आत ओल धरून ठेवणारी ही पेटी. देवदाराचं अस्तर, पाण्यासाठी एक डबी, झाकणावर ओल दाखवणारा काटा. खरं तर मामांचा विचार बाजूला राहिला आणि मीच तिच्यावर भाळलो. विक्रेत्याने विचारलं, वातानुकूलित खोलीतच ठेवणार ना? मी रुबाबात हो म्हणून टाकलं. मामांच्या घरात गार म्हणावी अशी वस्तू एकच, पाण्याचा माठ.

ओटीवर जमलेल्या पाहुण्यांना मी पेटी उघडून दाखवली. दर रविवारी डबीत पाणी घातलं की सिगार कशा छान ओलसर राहतात, तेही समजावून सांगितलं. मग मामींनी हळूच विचारलं, "ओलं ठेवायला पेटी कशाला? इथं भायेर ठेवलं तरी ओलंच हाय."

माझी कानशिलं तापली. मामा मात्र लगेच म्हणाले, "तुला न्हाय कळायचं. आमच्या कप्तानाकडं अशीच होती." आणि सगळ्यांदेखत त्यांनी तांदळातून एकेक सिगार काढली, धोतराला पुसली आणि पेटीत निजवली.

पुढच्या वाढदिवसाला मामांनी पेटी उघडली ती माझ्याकडे पाठ करून. पण बुरशीचा वास लपत नाही. सिगारींवर पांढरी लव आली होती. त्यांनी एक पुसली, काड्यामागून काड्या ओढून पेटवली, पहिल्याच झुरक्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले आणि म्हणाले, "पेटीमुळं चव राहिली बघा, जावईबापू." फेका त्या, मामा, एवढंच मला म्हणायचं होतं. तेही जमलं नाही.

यंदा वाढदिवसाला गेलो तर नारळीखाली खुर्ची नव्हती. डॉक्टरांनी सिगार बंद केली, असं मामांनी हसत सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. मागच्या दारी भांडी विसळता विसळता मामी म्हणाल्या, "डाक्टर कसला? दवाखान्याचं तोंड बघितलं न्हाय ह्यांनी. सगळ्या कुजल्या, त्या नारळीच्या आळ्यात पुरल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मी ओटीवर आलो. रविवार होता. मामा चमच्याने पेटीतल्या डबीत पाणी घालत होते. पेटी रिकामी होती. माझी चाहूल लागताच त्यांनी घाईने झाकण लावलं आणि वर बोट ठेवून विचारलं, "काटा बरोबर हाय ना?"

काटा पार शेवटच्या आकड्याला टेकला होता. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मी वाकून, चष्मा लावून नीट पाहिलं.

"अगदी बरोबर आहे, मामा," मी म्हणालो.