खोडलेली तीन पानं

काकांनी लाल पेन काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या भाषणाच्या पाच पानांतली तीन खोडली.

जर्मनीतल्या डार्मश्टाटमधला भाड्याचा हॉल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी एका इटालियन सिनेनटावर बोलणार होते. काका मंडळाचे अध्यक्ष, पुण्याचे; सगळेच त्यांना काका म्हणतात. म्हणाले, "सिनेमाबद्दल बोल ना छान. संप, मोर्चे-बिर्चे कशाला? लोक सहकुटुंब येतात."

"काका, तो माणूसच तसा होता."

"तुमच्या लोकांना ना, सगळीकडे राजकारणच दिसतं."

तुमच्या लोकांना. खुर्च्या लावणारे क्षणभर थांबले. मग पुन्हा खुर्च्या लावू लागले.

मंडळात आले त्याच दिवशी काकांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय? अच्छा. गाव कुठलं?" मी भोळसटासारखी सगळं सांगून बसले. गणपतीच्या कामांच्या यादीत माझं नाव मोदकांपुढे होतं. दुसऱ्या दिवशी ते भांड्यांपुढे गेलं. मी भांडी घासली. गप्प. लॅबमध्ये दिवसभर इंग्रजी, बाहेर जर्मन. 'जेवलीस का' विचारणारी या गावात हीच माणसं. ती तुटली तर जाऊ कुठे? आज त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

त्या नटाचे जुने सिनेमे मला होस्टेलमधल्या इटालियन शेजारणीने दाखवले. गिरणी कामगाराचा मुलगा. ऐन भरात असताना संपकऱ्यांसोबत कारखान्याच्या फाटकावर बसायचा. निर्मात्यांनी कामं देणं बंद केलं, तरी हटला नाही. आणि पडद्यावर सोंगं कुणाची? मालकाची, पोलीस अधिकाऱ्याची, मंत्र्याची. इतकी हुबेहूब, की बघणाऱ्या साहेबाला घाम फुटावा.

मी उरलेली दोन पानं वाचली. टाळ्या पडल्या. तेव्हाच खाली उतरले असते तर सगळं सुरळीत राहिलं असतं. पण मस्तकात तिडीक गेली होती.

"आता त्याच्या अभिनयाचा नमुना," मी म्हटलं. चष्मा नाकावर ओढला. मान तिरकी केली. काकांच्याच गोड आवाजात पहिल्या रांगेतल्या लोकांना विचारलं, "पूर्ण नाव काय? अच्छा. गाव कुठलं? मग तू भांड्यांकडे बघ हं, बाळ."

आधी लोक हसले. मग कुणीच हसेना. काका ताडकन उठले. "बास झालं! माइक बंद करा."

माइक बंद झाला. मी खोडलेली तिन्ही पानं ओरडून वाचली. शेवटी माझी जातही सांगितली, तितक्याच मोठ्याने.

मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. आता आठवडा आठवडा तोंडातून मराठी शब्द निघत नाही. रडू येतं, खोटं कशाला बोलू?

काल काकांच्या बायकोचा, काकूंचा मेसेज आला. "माफी माग गं. सगळे विसरतील."

मंडळ इथल्या कायद्याने नोंदलेलं फेराइन, म्हणजे सभासदांची संस्था, आहे आणि मी वर्गणी भरलेली सभासद; ग्रुपमधून काढलं तरी निवडणुकीला उभं राहायचा हक्क माझा आहे. मी उत्तर पाठवलं, "काकू, माफी मागणार नाही. वार्षिक सभेला येतेय. अध्यक्षपदाला माझं नाव लिहून घ्या."

एकच मत पडेल. माझं. पडू दे. पुढच्या वर्षीही उभी राहीन.