ढेकूण कोणाच्या पिशवीतून आले

ढेकूण सापडले त्याच्या आधी बरेच दिवस मुलीच्या मानेवर आणि दंडावर लाल गांधी उठत होत्या, ओळीने, जणू कोणी बोटं टेकवत गेलंय. सासूबाईंना वाटलं चिकूच्या चिकाने होतंय. आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यालगत चिकूच्या वाडीत आहे आणि पोर शाळेतून आली की दप्तर टाकून झाडावरच असते. नवरा म्हणाला मच्छर. डॉक्टरांनी मलम दिलं. मी साबण बदलला.

मग एका रविवारी सकाळी मुलीच्या उशीचा अभ्रा काढताना कडेला तपकिरी ठिपके दिसले. मुलगी आजीजवळ झोपते, मोठ्या दिवाणावर. मी गादीची शिवण उलटून बघितली. मसुराच्या डाळीएवढा एक चपटा किडा सावकाश चालत दुमडीत शिरला. चिमटीत धरून चिरडला तर बोट लाल झालं आणि तो कुबट गोडसर वास आला. लहानपणी एसटी स्टँडच्या बाकड्यावर घेतलेला वास. ओळखायला वेळ लागला नाही.

"ढेकूण आहे, मम्मी," मी म्हणाले. सासूबाईंना मी मम्मीच म्हणते.

त्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, वाकून बघितलं आणि सरळ उभ्या राहिल्या. "आमच्या घरात कधी नव्हते," एवढंच म्हणाल्या.

'आमच्या' हा शब्द मला बरोब्बर लागला. माझं माहेर तलासरीकडचं, पाड्यावरचं. लग्न आम्ही दोघांनी ठरवलेलं, आणि सासूबाईंनी ते मान्य केलं तरी माझ्या माहेराबद्दल बोलताना त्यांचा आवाज थोडा सांभाळून येई. त्याच्या काही आठवडे आधी माझी आई आमच्याकडे राहून गेली होती. कासाच्या दवाखान्यात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंतर औषध घालायला कोणीतरी हवं म्हणून मी तिला घेऊन आले. ती सासूबाईंच्याच खोलीत, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर झोपायची. तिची कापडी पिशवी दिवाणाखाली असायची.

सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत. पण त्या दुपारी मी मागच्या दारी गेले तर आईने पांघरलेली चादर वेगळ्या बादलीत, कढत पाण्यात भिजत घातलेली. बाकी कपडे मशीनमध्ये. लोखंडी खाट अंगणात काढलेली आणि तिच्यावर उकळतं पाणी ओतलेलं.

"खाटेत सापडले का?" मी विचारलं.

"नाही दिसले. पण बघायला नको का?"

"मग दिवाणाचं काय?"

"दिवाण सागाचा आहे. सागाला काही होत नाही."

तो दिवाण सासूबाईंचा फार लाडका. चारोटीजवळ हायवेवरचं एक जुनं हॉटेल बंद झालं तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं. सासूबाई टेम्पो करून गेल्या आणि दिवाण घेऊन आल्या. डोक्याकडे रेक्झिनची गुबगुबीत पाठ, पितळी खिळे मारलेली. आलेल्या प्रत्येकाला त्या ती पाठ थापटून दाखवत.

मी गादी उन्हात टाकली, शिवणींवर इस्त्रीची वाफ मारली, सगळे अभ्रे उकळले. चार दिवस बरे गेले आणि मुलीच्या पाठीवर पुन्हा ओळ उठली. सासूबाईंच्या अंगावर मात्र एक गांध नव्हती. त्याच गादीवर, त्याच पोरीशेजारी झोपून! मी मोबाइलवर वाचलं की काहींच्या अंगावर चावल्याची खूणच उठत नाही. पण वाचणं वेगळं आणि सकाळी त्यांचे स्वच्छ दंड बघणं वेगळं. मला त्यांचाही संशय यायला लागला. काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

नवराही सुटला नाही. तो वापीच्या कंपनीत, कामाच्या पाळ्या लागोपाठ आल्या की तिथेच मित्रांच्या खोलीवर राहतो. मी त्याची बॅग ओट्यावरच उलटी केली.

"आता माझी झडती?" तो म्हणाला.

"तिकडे किती जण झोपता एका खोलीत?"

"तुझ्या आईला विचारलंस का असं?"

मी कपडे परत बॅगेत कोंबले. पण ते डोक्यात राहिलं. पुढच्या सुट्टीला मी बस आणि मग जीप धरून माहेरी गेले. आई चुलीवर भाकरी टाकत होती. तिची पाठ वळल्यावर मी तिच्या बाजेचा सुंभ बोटांनी फाकवून बघितला, गोधडीच्या कडा बघितल्या, मोबाइलच्या उजेडात कुडाच्या फटी बघितल्या. काही नव्हतं.

"काय हरवलं गं बाय?" आई मागे उभी होती. ऑपरेशन झालेला डोळा आता चांगलाच बघत होता.

मी सांगितलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

तिने भाकरीचं पीठ लागलेले हात झटकले. "तुझ्या सासूने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"मग बघ नीट. ती पेटीपण उघड." आणि ती खरंच पेटी ओढून माझ्यासमोर ठेवून परत चुलीपाशी गेली. मी पेटी उघडली नाही. जेवताना ती म्हणाली, "तुमच्याकडे होते तेव्हा मलापण चावायचं. मला वाटलं डोळ्याच्या औषधाने अंग खाजतंय. पाहुण्याच्या घरी असं कसं बोलायचं?"

परतताना जीपमध्ये मी एकच विचार करत होते. चावणारे आईच्या आधीपासून घरात होते.

सासूबाई दर आठवड्याला वाणगावच्या बाजारात जातात. त्या गेल्या तशी मी मुलीला हाताशी घेतलं आणि दिवाण भिंतीपासून ओढला. पाठ चार स्क्रूंनी बसवलेली. पहिला स्क्रू निघाला तसं भोकातून काहीतरी सरपटलं. पाठ खाली आली आणि मुलगी किंचाळून थेट टेबलावर चढली. रेक्झिनच्या मागची जाडसर गोणपाटाची बाजू काळीकुट्ट झाली होती. जिवंत ढेकूण, वाळलेल्या साली, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी अंडी, थरावर थर. इतकं सगळं थोड्या आठवड्यांत होत नाही.

आम्ही पाठ ओढत अंगणात आणली. सासूबाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या आणि थबकल्या.

"हे खाटेवरून तिकडे चढले असतील," त्या म्हणाल्या.

त्याच पुढे आल्या, चष्मा लावला, काडीने गोणपाटाची कड उचलली. खाली जुना, भुरकट पडलेला थर होता. तोही त्यांनी काडीने खरवडून बघितला. मग पिशवी तिथेच ठेवून घरात गेल्या आणि फोन घेऊन बाहेर आल्या. त्याच हॉटेलातली एक गादीची खुर्ची त्यांनी बोर्डीला माझ्या नणंदेला भेट दिली होती.

"अगं, तुला तिकडे काही चावतंय का? नाही, सहज विचारते... हो हो, त्या खुर्चीवर कोण बसतं?" ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "बाहेर काढ ती. आत्ताच्या आत्ता. सांगते नंतर."

पाठ वाडीच्या कडेला जाळली. दिवाणाच्या उरलेल्या सांगाड्यावर सासूबाई घासलेट ओतायला निघाल्या होत्या, नवऱ्याने त्यांच्या हातातून कॅन काढून घेतला. डहाणूहून फवारणीवाला आला. सासूबाई त्याच्या मागे मागे फिरल्या, त्याच्या टाकीत नुसतं पाणी आहे अशी त्यांची खात्री होती. अंडी फुटल्यावर तो पुन्हा येऊन गेला, तेव्हाही. आम्ही भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, गादीला चेनचं कव्हर घातलं, दिवाण भिंतीपासून हातभर दूर ठेवला. रोज सकाळी शिवणी बघायच्या, हे मी आणि सासूबाईंनी वाटून घेतलं. हळूहळू मुलीची पाठ साफ झाली.

माझ्या आईबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत. एकदा मात्र माहेरी जायला निघाले तर त्यांनी चिकूची पेटी बांधून दिली आणि म्हणाल्या, "त्यांचा दुसरा डोळा करायचाय ना? इथेच आणा त्यांना."

यंदा मुलीला पालघरला हॉस्टेलवर सोडायला आम्ही दोघी गेलो. खोली दाखवणाऱ्या बाई पंख्याचं, पाण्याचं सांगत होत्या. सासूबाईंनी एक शब्द ऐकला नाही. त्यांनी गादीचं एक टोक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरं धरलं.

"काय झालं?" त्या बाई जरा दुखावल्या. "आमच्याकडे तसलं काही नाही हं."

"नसेल," सासूबाई म्हणाल्या आणि गादी उलटी केली.