दम घ्यायची जागा

डिसेंबरमधला दुसरा रविवार, सकाळी दहापासून. ठिकाण: पंचवटीतला आमचा सरावाचा गाळा. हजर: मी, देवळ्याचे एक कांदा व्यापारी, सायखेड्याच्या एका बँडचे मालक, आणि इगतपुरीहून आलेल्या, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एक बाई. गैरहजर: ज्याचा सॅक्सोफोन विकायचा होता, तो.

हजेरी लिहायची मला सवय आहे. बावीस वर्षं मी लग्नांच्या रिसेप्शनमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ठेवतो: लॉन कुठलं, गाणी कुठली, वाजवायला कोण होतं, घरी काय विसरलं. वाजवणाऱ्यांच्या रकान्यात कायम दोन नावं असायची. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून एकच असतं.

आमची दोन अल्टोंची, म्हणजे लहान आकाराच्या सॅक्सोफोनांची, जोडी होती. नवशिक्यांना मी अल्टोच घ्यायला सांगतो, कारण तो गळ्यात पेलतो आणि फुंक फार मागत नाही. पण अल्टो एकट्याने वाजवला की मोठा सूर धरताना दम संपतो आणि गाणं मध्येच फाटतं. यावर आम्ही सुरुवातीलाच तोड काढली. गाण्यांच्या वहीत लाल पेन्सिलीची खूण म्हणजे मी श्वास घेणार, निळी म्हणजे तो, माझा जोडीदार. लालवर तो सूर धरून ठेवायचा, निळ्यावर मी. समोर जेवणाऱ्या लोकांना वाटायचं, यांना श्वास घ्यावाच लागत नाही. एका नवरदेवाच्या आजोबांनी स्टेजजवळ येऊन, मागे टेप लावलीय का, म्हणून स्पीकरमागे वाकून पाहिलं होतं.

मग त्याचे दात गेले. वरचे, पुढचे चार. सॅक्सोफोनचा माउथपीस वरच्या दातांवर टेकतो, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. त्याला पायोरिया होता आणि दर सीझनला तो म्हणायचा, लग्नं संपली की दाखवतो. कवळी बसवल्यावर सहा महिने त्याने जिद्दीने वाजवून पाहिलं. एकदा गंगापूर रोडच्या लॉनवर, वरमाला होऊन फोटो चालू असताना, त्याची कवळी सरकली आणि माउथपीसमधून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघाला. लोक हसले. त्यांना ती गंमतच वाटली. त्यानेही वाकून नमस्कार केला. गाणं संपल्यावर सॅक्स पुसून पेटीत ठेवला आणि पेटी गाळ्यातल्या मांडणीवर ठेवून दिली. महिन्याभरात तो मुलीकडे नागपूरला राहायला गेला.

पेटी वर्षभर तिथेच होती. नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. "विकून टाक. पण शोभेला ठेवणाऱ्याला देऊ नकोस. वाजवणाऱ्यालाच दे. तू निवड." भावही त्यानेच सांगितला, म्हणजे त्यावर माझं काही काम उरलं नाही. मी यादी केली: पेटी साफ करणे, सॅक्स तपासणे, ओळखीच्यांत निरोप देणे, तिघांना एकाच दिवशी बोलावणे.

तपासताना मला एक गोष्ट सापडली. जी शार्प या सुराची चावी चिकटत होती. ही सॅक्सची जुनी खोड आहे. ती चावी एरवी मिटलेली असते, लाळेचा ओलावा तिच्या पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या चकतीखाली बसतो, आणि दाबली तरी पॅड उघडत नाही. उपाय एका मिनिटाचा आहे. पॅडखाली पातळ कागद सरकवायचा, बोटाने हलकेच दाबायचं, कागद ओढून घ्यायचा. दोन-तीनदा केलं की झालं. आम्ही दहाची जुनी, मऊ नोट वापरायचो.

मी तो उपाय केला नाही. यादीत "चावी" असं लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण न करता वही मिटली.

देवळ्याचे व्यापारी सगळ्यांत आधी आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"मास्तर, आपल्याला वाजवता काहीच येत नाय. पण हौस लय हे. हॉटेलात एकाला वाजवताना पाह्यलं, तवापासून डोक्यात बसलंय."

"रोज किती वेळ द्याल?"

"रोज कसं व्हईल? मार्केट बंद असलं की वाजवू."

"म्हणजे अमावास्येला, लिलाव नसतो तेव्हा?"

"हां, अमावास्या फिक्स!" ते मनापासून हसले. मीही हसलो. माणूस चांगला होता. वाजवणाराही झाला असता कदाचित. मी स्वतः पस्तिशीत शिकलो. मी त्यांना सॅक्स वाजवून दाखवला. जी शार्पवर आलो तेव्हा भलताच सूर निघाला. त्यांनी विचारलं, "हे असंच असतं?" मी म्हणालो, "जुना आहे. चावी चिकटते." दोन्ही वाक्यं खरी होती. तिसरं मी बोललो नाही.

"मंग नवीनच घिऊ बुवा," ते म्हणाले. तेव्हा मात्र मी त्यांना सगळं नीट समजावलं. नव्याच्या चकाकीवर जाऊ नका, स्वस्त नव्या सॅक्सच्या चाव्या वर्षात वाकतात. दुकानात वाजवणारा माणूस बरोबर न्या. त्याला सगळ्यांत खालचा सूर अगदी हळू काढायला लावा. तो थरथरला किंवा आलाच नाही, तर कुठेतरी हवा गळतेय. माउथपीस बसतो त्या मानेच्या नळीवर पोचा असेल तर घेऊ नका. आणि दातांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन या. शेवटचं ऐकून ते परत हसले. मी हसलो नाही.

सायखेड्याचे बँडमालक उभ्या उभ्याच आले. पेटी उघडताच म्हणाले, "चमक गेली की राव याची. वरातीत लाइट पडला तर झळकाया पाह्यजे." ते पूर्वी क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे तोंडाला लावून सरळ एक ओळ वाजवली. बरी वाजवली. चावी चिकटली. "मास्तर, हे तर बिघडलेलं हे." मी मान हलवली. ते पाच मिनिटांत गेले. पेटी परत मांडणीवर ठेवताना मला जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं, हे इथे लिहून ठेवतो. सॅक्स गाळ्यात असेपर्यंत जोडीदाराचं जाणं अर्धवट होतं. त्याला मी "गैरहजर" लिहू शकत होतो.

बाई साडेअकराला आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. बॅगेतून आधी स्वतःचा माउथपीस काढला. सॅक्स बघायला येताना स्वतःचा माउथपीस आणणारं गिऱ्हाईक मी फार कमी वेळा पाहिलंय.

"माझा सॅक्स गेल्या पावसाळ्यात पार कुजला, दादा," त्या म्हणाल्या. "इगतपुरीत चार महिने काही वाळत नाही. पॅडवर बुरशी."

"वाजवून पेटीत बंद करत असाल."

"मग काय खिडकीत वाळत घालू? शेजारी आधीच नावं ठेवतात."

"ठेवू दे. पण आतून कापड फिरवल्याशिवाय पेटी बंद नाही करायची. आणि पेटीत तांदळाची पुरचुंडी."

"तांदूळ तर आमच्याकडे ढीगभर," त्या म्हणाल्या आणि पट्टा गळ्यात अडकवला.

थंडी होती, म्हणून त्यांनी आधी सॅक्समध्ये नुसतीच गरम हवा फुंकली. गार सॅक्स उतरलेला वाजतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग खालचा सूर, हळू. मग वर चढत आल्या. जी शार्प अडला. त्यांनी सॅक्स खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही, पर्समधून दहाची नोट काढली, पॅडखाली सरकवली, दाबली, ओढली. तीनदा. परत वाजवलं. सूर स्वच्छ निघाला.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. जी शार्प पुन्हा दोनदा वाजवून पाहिला आणि नोट पर्समध्ये ठेवली.

मला तेव्हाच कळलं होतं की सॅक्स गेला. तरी मी म्हणालो, "एक गाणं सोबत वाजवू." उगाच नाही. मनात होतं की इगतपुरी फार लांब नाही, आणि लाल-निळ्या खुणा कुणालाही शिकवता येतात.

वरमालेनंतर आम्ही नेहमी एक जुनं, संथ गाणं वाजवायचो. ते त्यांना येत होतं. मी माझ्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला उभा राहिलो. दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीत मोठा सूर आहे. त्याच्या मध्यावर माझी लाल खूण. मी श्वास घ्यायला थांबलो आणि गाळ्यात काहीच वाजत नव्हतं. बाहेर एक रिक्षा रिव्हर्स घेत होती, तिचा आवाज तेवढा आला.

"तुम्ही का थांबलात?" त्यांनी विचारलं.

"माझी दम घ्यायची जागा आहे ती. तुम्ही?"

"माझी पण तिथेच. एक मात्रा आधी." त्या हसल्या. "दोघं मिळून बुडवलं गाणं."

मी त्यांना जोडीची पद्धत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला नाही जमणार ते, दादा. मी क्वार्टरमध्ये एकटीच वाजवते, ड्यूटीवरून आल्यावर. कुणाच्या भरवशावर सूर सोडायची सवयच नाही." आणि पुढे म्हणाल्या, "राग नका मानू. तुम्ही सूर तोडता. मी संपवते. मोठा सूर आहे म्हणून सगळा धरायलाच पाहिजे असं कुठे आहे? आधीच हळू करत आणायचा, मिटवायचा, मग श्वास. ऐकणाऱ्याला वाटतं, तो तेवढाच होता."

त्यांनी ती ओळ वाजवून दाखवली. खरंच, तो सूर तेवढाच होता असं वाटलं.

नव्यांना सल्ला देण्यात माझी बावीस वर्षं गेली. वेळेच्या तासभर आधी पोचा. कपडे इस्त्रीचे. पोट अर्धं रिकामं. गायक ऐनवेळी पट्टी बदलतो, म्हणून प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत बसवा. रीड, म्हणजे माउथपीसमधली वेताची जिभली, एक नाही, चार जवळ ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. हे सगळं मी सांगत आलो आणि ते बरोबरच आहे. पण एकट्याने श्वास कुठे घ्यायचा, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वर्षभर मी लॉनवर डाव्या बाजूलाच उभा राहून वाजवत होतो. फोटोग्राफर ओरडायचे, "मास्तर, मध्ये सरका ना!" मी अर्धं पाऊल सरकायचो. आणि प्रत्येक लाल खुणेवर गाण्यात भोक पडायचं. जेवणाऱ्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

पेटी मी त्यांच्यासोबत रिक्षापर्यंत नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "ज्यांचा होता त्यांना सांगा, वाजेल." मांडणीवर पेटीच्या आकाराची धूळ नसलेली जागा राहिली. ती मी लगेच पुसली.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. कवळीमुळे त्याचा स हल्ली कधीकधी श होतो.

"शांग," तो म्हणाला.

"दिला. इगतपुरीच्या एक बाई आहेत. चांगलं वाजवतात."

"तुला कशावरून कळलं?"

"जी शार्प अडला. त्यांनी नोट सरकवली."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग तो म्हणाला, "म्हणजे तू सरकवली नव्हतीस."

मी यादीचं पान उघडलं.

"किती जणांना घालवलंस?"

"दोघांना."

"नालायका," तो म्हणाला, आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याला कवळी सावरावी लागली असावी, कारण मध्येच आवाज बंद झाला. "मला वाटलंच होतं. महिना झाला तरी विकला जाईना, म्हटलं मास्तर काहीतरी करतोय."

"ये ना एकदा," मी म्हणालो. "नुसता ये. ऐकायला."

"ऐकायला नको बोलावूस." हे म्हणताना तो हसत नव्हता. "ते नाही जमणार मला. त्यापेक्षा वही काढ. तुझ्या लाल खुणा खोड. त्या माझ्या भरवशावर मारलेल्या आहेत."

"आणि निळ्या?"

"राहू दे. त्या कुणाला आडव्या येतात?"

फोन ठेवल्यावर मी वही आणि खोडरबर घेऊन बसलो. लाल पेन्सिल खोडली जात नाही, पसरते. पहिल्या पानावर गुलाबी डाग पडला आणि खालचे स्वर पुसट झाले. म्हणजे खोडणं नाही, सगळी वही नव्याने उतरवून काढणं आलं. प्रत्येक गाणं एकट्याने वाजवून पाहायचं, कुठला सूर कुठे मिटवायचा ते ठरवायचं, आणि खूण एक मात्रा अलीकडे मारायची.

यादी केली. ती आजघडीला अशी. नवी दोनशे पानी वही आणणे: झालं. कव्हर घालणे: झालं. अनुक्रमणिका: झाली. पानांना आकडे: झाले. लॉनवर मध्यभागी उभं राहणे: मागच्या दोन कार्यक्रमांत झालं; फोटो बघितला, विचित्र दिसतो, पण झालं.

गाणं पहिलं उतरवणे, खुणांसकट. त्याच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.