गुडघा निसटतो, असं ती सांगत होती

“लिगामेंट पूर्ण तुटलंय आणि मेनिस्कसही फाटलाय,” एमआरआयची फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले. माझी सून सायली तपासणीच्या टेबलावर उजवा गुडघा अर्धवट वाकवून बसली होती. तो सरळच होत नव्हता. “ही दुखापत आजची नाही. आधी कधी लागलं होतं?”

“दोन-तीन महिन्यांपूर्वी. कबड्डी खेळताना.”

“मग तेव्हाच का नाही दाखवलंत?”

मी मान खाली घातली. सायलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मीच अंगावर काढलं, डॉक्टर.”

ते खरं नव्हतं.

अलिबागजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. घरात आम्ही दोघीच. मुलगा निखिल न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर असतो, शनिवारी येतो. सायली लग्नाआधी तालुक्याच्या संघातून खेळायची. गावात बायकांचे सामने ठरले तेव्हा तिचं नाव मीच देऊन आले. “सराव सुटलाय, आई,” ती म्हणाली. “अंगात असतं ते कुठे जातंय?” मी म्हटलं. मला चारचौघींत सून मिरवायची होती, दुसरं काही नाही.

दुपारभर वाडीत राबून ती तशीच मैदानात उतरली. चढाईवरून माघारी वळताना पाऊल मातीत रुतून राहिलं आणि अंग फिरलं. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आत काहीतरी कट्‌कन वाजलं, असं ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. मी तेल गरम करून तो रगडला, वर शेकही दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मी थांबले नाही.

काही दिवसांत सूज ओसरली. मग ती सांगू लागली, “आई, दुखत नाही फार, पण जिना उतरताना गुडघा निसटतो.” निसटतो म्हणजे काय, मला कळेना. बाहेरून तर पाय धड दिसत होता. निखिलने फोनवर डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा मीच म्हटलं, “लचक आहे, जाईल.”

शेजारच्या हिराकाकीने एकदा विचारलं, “काय गो, सून लंगडते का?”

सायली ओटीवरच सुपारी सोलत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, “काम निघालं की लंगडते.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सुपारीची टोपली घेऊन पाण्याचा पाट ओलांडत होती. पाय टेकला तोच गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. मी धावत गेले. “आई, पाय सरळ होत नाही.” तिचा पांढराफटक चेहरा पाहिला, तेव्हा पहिल्यांदा मला तिचं म्हणणं खरं वाटलं. रिक्षाने अलिबागला नेलं. एक्स-रेत हाड शाबूत होतं, पण डॉक्टरांनी पनवेलला एमआरआयसाठी पाठवलं.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण उद्या तुमच्या घरातही कोणी असंच लंगडत येईल. अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, हा मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारा आतला पट्टा. आपण वळतो तेव्हा तो सांधा जागेवर धरतो. तो एक्स-रेत दिसत नाही. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी. पट्टा तुटल्यावर गुडघा निसटायचा, आणि प्रत्येक वेळी ही गादी चिरडली जायची. शेवटी तिचा फाटका भाग सांध्यात अडकला.

“आधी आलो असतो तर गादी वाचली असती?” मी विचारलं.

“खात्रीने नाही सांगता येत,” डॉक्टर म्हणाले. “पण शक्यता बरीच होती.”

आर्थ्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा स्नायुबंध काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं. गादी थोडी शिवली, थोडी काढावी लागली. बाहेरच्या बाकावर मी रजा घेऊन आलेल्या निखिलला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “मीही तिला न विचारता तुझंच ऐकलं ना.” मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सायलीला विचारलं, “डॉक्टरांसमोर माझ्यावर पांघरूण का घातलंस?”

“राग आहेच मला, आई. पण परक्यासमोर काढून काय होणार होतं?” मग थांबून म्हणाली, “काकींना जे बोललात ना, ते गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.”

“चुकलं माझं.”

‘असू दे’ असं ती म्हणाली नाही.

घरी आल्यावर मी हिराकाकीला ओटीवर बोलावलं. सायली तिथेच पाय लांब करून बसली होती. “त्या दिवशी मी खोटं बोलले. हिचा गुडघा खरंच तुटला होता,” मी म्हटलं. काकी म्हणाली, “मला दिसत होतं गो. पण तुला कोण सांगणार?”

मग व्यायाम सुरू झाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, सोडायची. हे महिनोन्‌महिने चाललं. कंटाळून ती रडायची, मी शेजारी बसून राहायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मलाही शिकवलं: गुडघ्याला मार बसून सूज आली तर रगडायचं नाही, शेकायचं नाही, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा, त्यावर भार द्यायचा नाही. कट्‌ असा आवाज, लगेच सूज, निसटणं, अडकणं, यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. खेळण्याआधी अंग गरम करायचं, मांडीचे स्नायू बळकट ठेवायचे, उडीनंतर गुडघे वाकवून उतरायचं, ते आत वळू द्यायचे नाहीत. आणि दमलेल्या अंगाने खेळायचं नाही. हे शेवटचं त्या म्हणाल्या तेव्हा मी सायलीकडे पाहू शकले नाही.

आता ती जिना सरळ उतरते. कबड्डीला डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही. माझ्या मनातली टोचणी गेलेली नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही. तिने मला माफ केलं का, ते मी विचारत नाही. पण ती मला अजून दुखणं सांगते, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

परवा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “आई, पाठीत चमक येतेय.” मी तवा उतरवला, तिच्यासमोर बसले आणि विचारलं, “कुठे? कधीपासून? नीट सांग मला.”