परीक्षेची रंगीत तालीम

परीक्षेला मुलं बसतात, हा माझा समज आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरीण बाईंनी कायमचा मोडून काढला. परीक्षेला आया बसतात. मुलं फक्त उत्तरपत्रिकेवरचे गोळे रंगवून येतात. अकोल्यातली आमची गल्ली क्लासेसच्या मागचीच, त्यामुळे मुलांना रांधून घालायला घरदार सोडून आलेल्या आया आम्ही पुष्कळ पाहिल्या. पण या बाईंची तऱ्हाच निराळी. चांदूर बाजारजवळचा झेंडूचा मळा, नवरा, सासू, सगळं मागे ठेवून त्या मुलीला डॉक्टर करायला आल्या होत्या. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मुलगी एकदा राहिली होती. घरच्यांनी आणखी एकच वर्ष कबूल केलं होतं. त्यानंतर स्थळं बघायची, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं.

बाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, पण विषयांबद्दल त्या भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "फिजिक्स बरं हाय वो ताई, तोंडावर बोलते. हे ऑरगॅनिक केमिस्ट्री गोड बोलून घात करते," असं त्या मला भाजी निवडताना सांगत. एकदा गल्लीच्या तोंडाशी वरात आली, तर या कमरेला पदर खोचून बँडवाल्यांपुढे उभ्या राहिल्या. पेपर चालू आहे म्हणाल्या. कुठे, हे कुणी विचारलं नाही. नवरदेवासकट सगळी वरात आमच्या घरावरून चिडीचूप गेली.

खरा कहर म्हणजे रविवारची तालीम. भर एप्रिलात कूलर बंद करून मुलगी सराव पेपर सोडवायला बसे, कारण "तिथं हवा राह्यते का नाही, कोनाले माहीत?" त्याआधी जिन्याखाली तपासणी. केसांतली पिन, कानातलं, पूर्ण बाह्या, सगळ्याला बंदी. तपासणारी बाई मी. "पोरगी ओयखीची हाय म्हून सोडू नका," अशी मला ताकीद असे. आमचे हे गच्चीवरून वाळलेला सदरा आणायला निघाले, तर बाईंनी त्यांचं घड्याळ आणि खिशातलं पेन काढून घेतलं आणि मगच वर सोडलं. मला हसू आवरेना. मुलगी मात्र अलीकडे कशालाच हसत नव्हती. हे बाईंच्या लक्षात येत नसावं, असं मला वाटे.

परीक्षेच्या दिवशी मीही सोबत गेले. गेटपाशी मुलगी थांबली ती थांबलीच.

"आई, मले काहीच आठवून नाही राहिलं. मी नाही जात आत."

बाईंनी पदरानं तिचं कपाळ पुसलं.

"नको जाऊ. चाल, घरी जाऊ."

"अन् बाबा? आजी?"

"त्याईले मी पाह्यतो. तू नको भेऊ."

मुलगी हातातली पाण्याची बाटली आईकडे देऊन आत गेली. बाईंनी समोरच्या कडुलिंबाखाली फतकल मारली आणि पेपर सुटेपर्यंत त्या बाटलीतला घोटही घेतला नाही.

यंदाही थोडक्यात राहिलं. सासूबाईंनी लगेच स्थळ काढलं. पुढे मळ्यातल्या घरात काय महाभारत झालं ते मला ठाऊक नाही, पण मुलगी आता अमरावतीला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते. आमच्या वरच्या खोलीत दुसऱ्या बाई आल्या आहेत, शांत, सरळ स्वभावाच्या. तरी मला पहिल्या बाईंची फार आठवण येते. परवा त्यांना फोन केला आणि मुलीचा अभ्यास कसा चाललाय, असं विचारलं.

"ते मी नाही इचारत आता," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "सुट्टीत आली हाय ताई. जेवली अन् झोपली. दुपारपासून उशाशी बसलो हाय मी. तिले उठवतच नाही."