मनगटावरचा पट्टा

बांगड्या भरायला मी हात पुढे केला आणि कासारीणबाई थबकल्या. माझ्या मनगटाभोवती दोन बोटं रुंदीचा काळपट पट्टा होता.

"अगं बाई, भाजलं की काय?"

"भाजलं नाही, उन्हानं रापलंय," मी म्हटलं. "आम्ही दोघं मोटारसायकलवरून पार आसामपर्यंत जाऊन आलो."

हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते, त्यामधली ही जागा. एरवी तिथे बांगड्या असतात. हातमोज्यात अडकायला लागल्या म्हणून निघतानाच उतरवून ठेवल्या होत्या. महिनाभर ऊन नेमकं तेवढ्याच जागेवर पडत राहिलं. अर्धा रस्ता गाडी मी चालवली, अर्धा यांनी. पेट्रोल पंपावर लोक मात्र मागे बसलेल्या यांनाच विचारायचे, "कुठून आलात, साहेब?" हे हेल्मेट काढत म्हणायचे, "त्यांना विचारा, मी नुसता बसून आलोय."

बाईच्या मनगटाकडे बघून लोक तिच्याबद्दल बरंच काही ठरवून टाकतात. पण ते हात काय काय करून आलेत, हे तिथे कुठे कळतं? माझ्या मनगटावर सध्या ते कळतंय. चहा गाळतानासुद्धा माझं लक्ष तिकडेच जातं.

कासारीणबाईंनी डझनभर हिरव्या बांगड्या पुढे सरकवल्या. "या भरल्या की डाग दिसायचासुद्धा नाही बघा."

मी हात मागे घेतला. "दोन दोनच भरा. तो दिसू दे."